खण तेवढा पाठव

कायगाव, ता. गंगापूर
१८ जानेवारी १९६५

चि. सौ. चतुरास आवडाबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राच्या घडीत चिमूटभर तिळगूळ आहे. टपालातल्या मुंग्यांनी काही ठेवला असेल तर तोंडात टाक आणि वर्षभर माझ्याशी गोड बोल. इकडे सगळं ठीक. घरचे उसाच्या तोडीत अडकले आहेत. गोदीला सोळावं सरलं, त्यामुळे तिला पाहायला येणारे लोक तिळगुळाच्या निमित्तानं डोकावून जातात. मी म्हणते अजून वर्षभर थांबा, पण माझं ऐकतं कोण.

आत्याबाईंचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढायला दिवाळीनंतर गेल्या, पंधरा दिवसांत येते म्हणाल्या, आणि संक्रांतही तुझ्याकडेच केली. सासू गावाला गेली की सुनेचं घर हसतं म्हणतात. पहिला महिना मीही हसले, खोटं कशाला बोलू. भाकरी जाड झाली म्हणून कुणी बोट लावून दाखवत नव्हतं. चतुरी असती तर असं केलं नसतं, हे चुलीपुढं ऐकावं लागत नव्हतं. अठरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. तू सात वर्षांपूर्वी धाकटी सून होऊन आलीस आणि सहा महिन्यांत काकासाहेब भावजींबरोबर औरंगाबादला बिऱ्हाड थाटलंस. तरी या घरात उठताबसता नाव तुझं. चतुरीचा चहा, चतुरीच्या लुगड्याच्या घड्या, चतुरीचं गोड बोलणं. ऐकून ऐकून माझे कान किटले. पण आता घर मुकं झालं आहे गं. दुपारच्या वेळी कुणाशी भांडावं तेच कळत नाही.

ज्वारीला हुरडा आलाय. यंदाची पहिली आगटी आत्याबाईंशिवाय पेटली. गरम कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करावेत तर त्यांनीच. आमच्या हाताला नुसते फोड. शेजारचा पुंजाराम चार-पाच दिवसांत मोंढ्यात माल घेऊन येणार आहे, त्याच्याबरोबर हुरडा पाठवते. परत येताना आत्याबाईंना त्याच्या सोबतीनं पाठवून दे.

सध्या हवा स्वच्छ आहे. माळावर उभं राहिलं की लांब उत्तरेला म्हैसमाळच्या डोंगराची निळी रेघ दिसते. मी नवी नवरी असताना आत्याबाईंनीच ती दाखवली होती. तिथं गिरिजादेवी हाय, तुला एकदा नेईन म्हणाल्या. तेव्हापासून दरसाल औंदा नाय, पुढल्या साली, असं चाललंय. यंदा मात्र गोदीच्या लग्नाआधी आम्ही दोघी जायचं ठरवलंय. नव्या डोळ्याला ती रेघ कशी दिसते, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

भावजींना आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी थोरली जाऊ,
आवडा


उस्मानपुरा, औरंगाबाद
२६ जानेवारी १९६५

ती. सौ. जाऊबाईंस चतुराचे शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. मुंग्यांनी गूळ नेला, तीळ ठेवले. तरी मी गोडच बोलते.

हुरडाही पोचला, पण पुंजाराम आला तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. तो नेमका रविवारी आला आणि रविवारी आम्ही सगळे म्हैसमाळला गेलो होतो. शेजारच्या अनवरीभाभींनी पिशवी ठेवून घेतली. त्याची चुकामूक झाली याचं वाईट वाटलं.

यांच्या कचेरीतल्या मंडळींनी मोटार ठरवली होती, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी सहज म्हटलं, आत्याबाईंनाही नेऊ. तर त्या आमच्याआधी तयार! काळा चष्मा लावून मोटारीत पुढच्या जागेवर जाऊन बसल्या, आणि साहेबांच्या बायकोला मागं बसावं लागलं. पडेगाव सुटलं तसं देवगिरीचा किल्ला दिसायला लागला. तिथं मोटार थांबवून पेरू घेतले. पुढं खुलताबाद, त्याला त्या अजून रोजाच म्हणतात. घाटात मात्र डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, एवढा डोळा करून आणला तो मिटायला का? तर हसल्या.

वर काय गारवा आहे म्हणून सांगू! जानेवारीतही शाल अंगाला घट्ट धरावी लागते. निजामाच्या काळात मोठे अंमलदार उन्हाळ्यात तिथं हवा खायला येत, त्यांचे जुने बंगले झाडांत लपलेले आहेत. एकाच्या ओट्यावर बसून आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. पठाराच्या कडेला उभं राहिलं की सगळा मुलूख पायाखाली. आत्याबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या. कचेरीतल्या एकानं आमचा दोघींचा फोटो काढला. त्यात आत्याबाई माझा हात धरून उभ्या आहेत. छापून आला की तुम्हाला दाखवीन.

गिरिजेचं दर्शन निवांत झालं. खण-नारळ मी आदल्या दिवशीच गुलमंडीतून आणून ठेवला होता. हिरवा खण, लाल काठाचा, चार दुकानं पालथी घातली तेव्हा मनासारखा मिळाला. ओटी भरून झाली तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलंय, पण ऐकतील तर त्या आत्याबाई कसल्या.

हे म्हणतात, आईला आता उन्हाळ्यापर्यंत इथंच राहू द्या. मलाही त्यांची गरज आहे, का ते पुढं कधीतरी लिहीन. तुम्हाला रागावायला जागा ठेवलेली नाही, म्हणून रागावू नका.

भाऊजींना नमस्कार, गोदीला गोड पापा. तुमची सावली माझ्यावर अशीच राहो.

आपली,
चतुरा


कायगाव
३० जानेवारी १९६५

चि. सौ. चतुरास आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

तुझं पत्र गोदीनं मोठ्यानं वाचलं. मी भाकरी थापत होते. म्हैसमाळ हा शब्द आला आणि तव्यावरची भाकरी कधी करपली ते कळलं नाही. रागावायला जागा ठेवली नाहीस म्हणतेस? अगं, जागाच जागा आहे. गाडी-बैल वळेल एवढी जागा आहे.

मी हुरडा पाठवला. गोदीनं आणि मी बोटं भाजून घेऊन तो सोलला होता. पुंजाराम तो कुलपापुढं धरून उभा राहिला. त्या अनवरीबाईंचे रोजे चालू, पोटात पाण्याचा थेंब नाही, तरी त्यांनी त्याला सावलीत बसवून चहा पाजला. परक्या बाईला कळतं ते घरच्याला कळू नये.

मला हेवा वाटला, चतुरा. सरळ लिहिते. हेवा कसला, जळून कोळसा झाले. अठरा वर्षं मी त्या रेघेकडे बघत उसाला पाणी दिलं, आणि तू एका रविवारी मोटारीत बसून जाऊन आलीस. त्याचंही एक वेळ गिळलं असतं. मोटारीत जागा असते, नशीब असतं. पण ओटी?

या घरात देवीची ओटी थोरल्या सुनेनं भरायची. तुझं लग्न झालं तेव्हा आपण कुलदेवीला गेलो होतो, आठवतं? तू नवी नवरी, हळदीच्या अंगाची. तरी आत्याबाईंनी तुला मागं सरकवलं आणि आधी माझ्या हातून ओटी भरवली. थोरलीचा मान थोरलीला, म्हणाल्या. त्यांनी मला दिलेला तेवढा एकच मान आहे गं. भाकरी माझी जाड, चहा माझा पांचट, बोलणं माझं फाटकं, मुलगी माझी काळी. पण देवीपुढं मी पहिली. तोही आता गेला. मी समोर नव्हते, एवढंच ना त्याला कारण?

ही तीच बाई, जिला रझाकारांच्या साली मी जपून नेलं. तू तेव्हा परकरात असशील. गावात राहायची सोय उरली नव्हती, पुरुषमाणसं आधीच पलीकडं गेली होती, गोदागंगेला पाणी होतं आणि नाव कुणी देईना. आपल्या गुऱ्हाळावर काम करणाऱ्या मोहियोद्दीननं तिथली काहील पाण्यात सोडली. गूळ कढवायची कढई ती, तिच्यात आम्ही दोघी बसलो. मला गोदीचा सातवा महिना. मोहियोद्दीन पोहत काहील ढकलत होता. गावात त्याच्याच लोकांनी त्याला काय काय ऐकवलं असेल, पण त्यानं आम्हाला पैलतीर दाखवला. आत्याबाईंना भोवळ यायची म्हणून मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आणि त्या? डोळे मिटून सगळ्या वाटेनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. मला शिव्या देत होत्या, दुसरं काय! माझ्यामुळे घर सोडायला उशीर झाला होता ना. त्या शिव्याही मी पोटात घातल्या.

पुऱ्या-भाजी आणि मोटारीतली पुढची जागा मला देता येत नाही, हे खरं. काळा चष्मा लावून हात धरायला त्यांना तूच शोभतेस. पण त्यांचं अंथरूण, त्यांची चूल आणि त्यांची भांडणं इथं आहेत. आठ दिवसांत पाठवून दे. नाहीतर मी स्वतः येईन, आणि मी आले तर गोड बोलायला येणार नाही.

काल माळावर गेले होते. रेघेकडे पाठ करून उभी राहिले. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला तर दुरूनही बघवेना.

माया ठेव म्हणून या वेळी लिहीत नाही. असेल तर असेल.

आवडा


उस्मानपुरा
४ फेब्रुवारी १९६५

ती. सौ. जाऊबाईंस शि. सा. न. वि. वि.

आत्याबाई येत्या चौदा तारखेला, रविवारी, घरी येतील. हे स्वतः आणून सोडणार आहेत. तुमचं म्हणणं पुरं झालं. आता माझं ऐका. आजवर मी तुम्हाला उलट शब्द लिहिलेला नाही, आज लिहिते.

तुम्हाला माझा हेवा वाटतो. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हसले आणि मग रडले. तीन महिने आत्याबाई माझ्या घरात आहेत आणि तीन महिने या घरात फक्त तुम्ही आहात. मी चहा केला की आवडीच्या चहाला चव लई. मी पोळी वाढली की आवडीची भाकर फुगती कशी, चंद्रावानी. अहो, तुमची ती जाड भाकरी! परवा माझा हात भाजला तर म्हणाल्या, आवडी निखारा हातानं सरकवती. अनवरीभाभींनी एकदा विचारलं, की माँजी, ये आवडा कौन है, कोई देवी है क्या? मी म्हटलं, होय, आमच्या गावची.

तो दिवस मी तुम्हाला अर्धाच लिहिला. उरलेला आता लिहिते. पेरू घेतले तर आवडी असती तर हुंगूनच गोड-आंबट सांगितलं असतं. घाट आला तर आवडी भ्याली नसती. पुऱ्यांचे दोन घास खाऊन पान सरकवलं, म्हणाल्या, डोंगरावर भाकर अन् ठेचा पायजे, आवडीला कळतं ते. साहेबांची बायको माझ्याकडे बघून हसली. पठाराच्या कडेवरून हलेनात ते का, माहीत आहे? दक्षिणेला डोळा लावून उभ्या होत्या. आपला माळ कुठं दिसतो का बघते, आवडी हुबी असंल म्हणाल्या. फोटोत माझा हात धरलाय तो मला चक्कर आली म्हणून.

चक्कर का आली तेही सांगते. मला तिसरा महिना आहे. सात वर्षांनी. दृष्ट नको म्हणून कुणालाच कळवलं नव्हतं, फक्त आत्याबाईंना माहीत होतं. आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, एक चांगला खण आन, गिरिजेची वटी भरायची हाय, लई जुनी राहिलीया. मी वेडीनं काय समजावं? मला वाटलं, माझ्यासाठीच त्या गेली सात वर्षं देवीला विनवत असतील. म्हणून चार दुकानं पालथी घातली. म्हणून मोटारीच्या धक्क्यांची पर्वा केली नाही.

देवळात मी ताट पुढं केलं आणि पदर सावरून उभी राहिले. आत्याबाईंनी ताट माझ्या हातातून घेतलं. पुजारी चाचरला. म्हणाला, आजी, तुम्ही नको, सुनेला भरू द्या, ती सवाष्ण आहे. साऱ्या गावाला रीतभात शिकवणारी ही बाई, जाऊबाई! मामंजी गेल्यापासून हळदी-कुंकवाला दाराबाहेर बसणारी. ती त्याला म्हणाली, की बोलले तवा मी सवाष्णच व्हते, देवीला ठावं हाय, तू बाजूला हो. आणि स्वतःच्या हातानं ओटी भरली. तुमच्या नावानं. मोठ्यानं तुमचं नाव घेऊन. माझी आवडी अन् तिच्या पोटातलं ल्येकरू गंगेपार सुखरूप उतरव, मी तुझी वटी भरीन, असं त्या काहिलीत बसून बोलल्या होत्या. आवडीला का नाही आणलंत मग, असं मी विचारलं. म्हणाल्या, पुढल्या साली म्हणता म्हणता डोळा गेला, आता परत आलाय तवर फेडते, जिवाचा भरोसा नाय.

ओटीतला खण पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून परत दिला. मी हात पुढं केला होता. त्यांनी तो पदराला बांधला, आवडीचा हाय म्हणून. आता उशीखाली घेऊन झोपतात.

तुमचा मान कुठं गेला नाही, जाऊबाई. तो मी तिथं उभी राहून डोळ्यांनी पाहिला. मला सांगा, माझ्यासाठी कुणी कधी नवस बोललं आहे का? माहेरी आई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं बाळंतपण कुठं आणि कोण करणार, हा प्रश्न आम्ही दोघं बघू. तुम्ही आत्याबाईंना घेऊन जा. नाहीतरी त्या इथं नव्हत्याच.

राग संपला की नेहमीसारखं लिहीन. तोवर एवढंच गोड मानून घ्या.

चतुरा


(पोस्टकार्ड)
उस्मानपुरा
५ फेब्रुवारी १९६५

सौ. आवडीस भागूबाईचा आशीर्वाद. लिहिणार शेजारची नजमा, अनवरीची लेक. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिही, शाळंतलं लिहू नको.

मी बरी हाय. डोळा बरा हाय. काल ईद झाली, त्येंच्या घरचा शीरखुर्मा आला, लई ग्वाड. चतुरी चार दिवस झालं तोंड फुगवून हाय, विचारलं तर बोलत नाय. तू काय बाय लिहिलंस तिला? तुझं तोंड म्हंजी फाटकी झोळी.

मला घरला न्या आता. हितं कायी कमी नाय, पर खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसती. हुरडा सरायच्या आत न्या. चतुरीला जीव लाव, ती कवळी हाय, तुझ्यावानी दगड नाय. माझं अंथरूण उन्हात घाल. गाईला सरकी दे.

भागूबाई


कायगाव
८ फेब्रुवारी १९६५

चि. सौ. चतुरास अनेक आशीर्वाद, अनेक आशीर्वाद वि. वि. या वेळी रीत म्हणून नाही.

तुझं पत्र आणि आत्याबाईंचं कार्ड एकाच दिवशी आलं. गोदीकडून वाचून घेतलं नाही. गोठ्यात बसून स्वतः वाचलं, अक्षर लावत लावत. काहिलीपाशी आले आणि पुढं वाचवेना.

मला वाटलं त्या मला शिव्या देत आहेत. सोळा वर्षं तेच समजत आले. त्या देवीशी बोलत होत्या गं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्यासाठीच बोलत होत्या, आणि मी वरून मनात म्हणत होते, की म्हातारे, निदान आज तरी गप बस. त्या पुटपुटण्याचा मी केवढा राग धरला होता! गोदी हट्ट करायला लागली की मी तिला म्हणायची, आजीच्या शिव्या खात जन्मलीस तू. काल तिला जवळ घेऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, मग आजीनं सांगितलं का नाही? मी म्हटलं, नवस आधी सांगायचा नसतो, आणि आत्याबाईंना गोड काही तोंडावर सांगायचंच नसतं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तू पिकत नाहीस म्हणून तू विकली जातेस, तिथं मी. आपण दोघी जळत राहिलो आणि म्हातारी मजेत हुरडा खात राहिली.

आता मुद्द्याचं. मी जिंकले, हे खरं. तू पाठवते म्हणालीस, त्या येते म्हणाल्या. मी त्यांची वाकळ उन्हात घातली, कोनाडा सारवला, घरच्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की रविवारी आत्याबाई येणार. मग वाकळ उलटी करायला गेले आणि तुझा तिसरा महिना आठवला. मी सातव्यात होते, पाण्यावर होते, तरी मांडीवर कुणीतरी होतं. तुझ्या माहेरी कोण आहे?

आत्याबाईंना पाठवू नकोस.

भावजींना सांग, मी सांगितलंय म्हणून. बाळंतपण उस्मानपुऱ्यातच होऊ दे, आणि ते आत्याबाईंनीच करू दे. माझी पाचही त्यांनीच केली, हात हलका आहे. त्या कुरकुर करतील. तेव्हा त्यांना वाचून दाखव, की आवडी म्हणते हुरडा सरला, गाईला सरकी मिळते, आणि धाकटीला टाकून आलात तर दाराला कुलूप घालीन. तोंड फाटकी झोळी आहेच, त्यात आणखी एक भोक. दिवसभर माझं नाव ऐकावं लागेल तुला. ऐक आणि सोस. सहा-सात महिन्यांचाच प्रश्न आहे, मी अठरा वर्षं तुझा चहा सोसला. नाही, सातच. पण वाटली अठरा. बारशाला त्यांना आणि बाळाला घेऊन ये. पीठ उसनं द्यावं तशी सासू देतेय, तेव्हा भांडं भरून परत कर.

मला तुझा हेवा अजून वाटतो, तो एका पत्रानं जायचा नाही. रात्रीच्या वेळी त्या तुझ्याकडे खोकतात आणि इथं शांत असतं, याचासुद्धा वाटतो. म्हणून एक सांगते, नीट ऐक. आत्याबाई ठेवून घे, पण खण तेवढा पाठव. पुंजाराम येईल त्याच्या हाती दे. उशीखालून काढताना त्या नाही म्हणतील, तरी काढ. तू चार दुकानं पालथी घातलीस, मला ठाऊक आहे. तरी तो माझा आहे, आणि तो मी कुणाला देणार नाही.

जपून राहा, जड उचलू नकोस, आणि थोरलीवर राग असला तरी जेवत जा.

तुझी,
आवडा

ता. क. : आज पहाटे माळावर गेले होते. धुकं उतरल्यावर रेघ दिसली. तुझं नाव घेऊन हात जोडले. काय बोलले ते विचारू नकोस. फेडायला मी स्वतः येणार, त्या दिवशी मोटारीत पुढची जागा माझी. ओटीसाठी नवा खण मीच आणीन आणि त्या वेळी तू मागं सरकू नकोस, कारण परत मिळालेला तो खण तुझ्याच पदरात बांधायचा आहे.